घरं दिसतात, डाव दिसत नाही

आमच्या शिक्रापूरच्या चाकण चौकात संध्याकाळी अडकलात तर गाडीचं इंजिन बंद करून बसायचं, हे इथलं लहान मूलही सांगेल. रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्या सुटलेल्या असतात, कंटेनर आडवे झालेले असतात. अशा वेळी स्कूटरवर मागे बसलेल्या धाकटीला मी ओरडून विचारायचो, "ई चार?"

"पांढरं!"

"एफ सहा?"

"काळं!"

"कोपऱ्यातला घोडा समोरच्या कोपऱ्यात न्यायला कमीत कमी किती चाली?"

"सहा!"

शेजारचे दुचाकीवाले वळून बघायचे. मला अभिमान वाटायचा. तो अभिमान नंतर मला कसा भोवला, तेच आज लिहायचं आहे.

धाकटी अकरा वर्षांची. बुद्धिबळ मीच शिकवलं. गेल्या वर्षी पुण्यात एका स्पर्धेला नेलं. तिसऱ्या फेरीत ती चांगल्या स्थितीत होती. तिने मनातल्या मनात तीन चाली रचल्या. पहिल्या चालीत ई ४ वरच्या प्याद्याने एफ ५ वरचं प्यादं मारायचं. दुसऱ्या चालीत हत्ती द्यायचा. तिसऱ्या चालीत घोडा डी ५ वर बसवून सगळी भरपाई करून घ्यायची. हत्ती दिला, घोडा उचलला आणि मग तिच्या लक्षात आलं, की डी ५ वरच्या घोड्याला ज्या प्याद्याचा आधार होता ते ई ४ वर राहिलंच नव्हतं. पहिल्याच चालीत तिनेच ते पुढे नेलं होतं. पण हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, आणि तो घोडा कुठेही गेला तरी हत्ती काही परत येणार नव्हता. परतीच्या वाटेवर ती फक्त एवढंच म्हणाली, "अब्बा, माझ्या डोक्यातून ते प्यादं हललंच नव्हतं."

या चुकीवर थोरामोठ्यांनी विचार केलेला आहे. निकोलाय क्रोगियस हा रशियन ग्रँडमास्टर मानसशास्त्रज्ञही होता. आधीच्या स्थितीतली सोंगटी हलल्यावरही मनातल्या पटावर जुन्याच घरात उभी राहते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे माझी मुलगी एकटी नव्हती. पण मी मास्तर. दोष सापडला की उपाय लावायचा, एवढंच मला कळतं.

उपाय मोबाइलमध्ये होता. लिचेस हे संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे, जाहिरातीही नाहीत. त्यावर घरांची नावं ओळखायचा सराव आहे. एक नाव येतं, तीस सेकंदांत जमतील तितकी घरं अचूक दाबायची. सोंगट्या अदृश्य करून खेळायचीही सोय आहे. पट दिसतो, सोंगट्या तुम्ही लक्षात ठेवायच्या. पहिल्या दिवशी धाकटीची सात घरं आली. महिन्याने एकवीस. मी वहीत तारखेनिशी आकडे लिहू लागलो. घटकचाचणीची नोंदवही असते तशी. आकडा उतरला की माझा चेहरा उतरायचा, आणि ती माझा चेहरा वाचायची.

चार महिन्यांनी एका रात्री तिने मोबाइल माझ्यासमोर ठेवला. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "अब्बा, आता मला घरं दिसतात. डाव दिसत नाही."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी उर्दूच्या तासाला एक मुलगा वाचायला उभा राहिला. त्याला सगळी अक्षरं येतात. 'बे', 'पे', 'ते' यांचे नुक्ते कुठे आणि किती, हे तो झोपेतही सांगेल. पण वाक्य आलं की एकेक अक्षर उचलतो आणि शेवटाला पोचेपर्यंत पहिला शब्द विसरतो. मी त्याला कधी 'अजून अक्षरं घोट' म्हणत नाही. मी म्हणतो, "शब्द बघ बेटा, नंतर गोष्ट सांग." वर्गात जे रोज सांगतो ते मी घरी विसरलो होतो. बी.एड.ला आकारिक मूल्यमापनावर पानंच्या पानं लिहिली होती, ती बहुधा उत्तरपत्रिकेतच राहिली.

मग शोधून वाचलं. डच मानसशास्त्रज्ञ अद्रियान द ग्रोट याने १९४० च्या दशकात, आणि पुढे १९७३ साली विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी प्रयोग केले. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकायचा. उस्ताद खेळाडू जवळजवळ सगळ्या सोंगट्या परत मांडतात, नवखे मोजक्याच. पण चेस आणि सायमन यांनी सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या, तेव्हा उस्तादांचं वर्चस्व जवळजवळ संपलं. म्हणजे त्यांच्या डोक्यात कॅमेरा नसतो. किल्ल्यात बसलेला राजा आणि त्याच्यापुढची तीन प्यादी हा त्यांच्यासाठी एकच शब्द असतो. आपण अक्षरं मोजत बसतो, ते वाक्य वाचतात.

आम्ही सराव बदलला. वही कपाटात गेली. घरांचा खेळ दिवसाला पाच मिनिटं, तोही तिला हवा असेल तर. त्यानंतर मी एखाद्या जुन्या डावाच्या पाच-सहा चाली वाचतो. ती डोळे मिटून ऐकते आणि गोष्ट सांगते. "उंट घोड्याला दाबून बसलाय. प्यादं हललं, आता वजिराची वाट मोकळी." 'कुठे आहे' यापेक्षा 'तिथे काय करतंय' हे आधी सांगायचं. मग पट मांडून ताडून पाहायचं. जे प्यादं हललं, त्याचं जुनं घर मोठ्याने 'रिकामं' म्हणायचं. हे मात्र तिनेच शोधलं.

आमच्या अम्मींना शतरंज पसंत नाही. नमाज चुकते, वेळ वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. उलेमांमध्येही यावर मतभेद आहेतच. पैज नको आणि नमाज चुकवायची नाही, या अटींवर आमच्या घरात तह झाला आहे. एकदा मी त्यांना सईद इब्न जुबैर यांच्याबद्दल सांगितलं. कूफ्याचे हे मोठे आलिम इसवी सन ७१४ मध्ये हज्जाजच्या हुकमाने शहीद झाले. बुद्धिबळाच्या इतिहासात ते पटाकडे पाठ करून खेळत असल्याचा उल्लेख येतो. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पाठ करके खेलते थे, मोबाइल में आँखें नहीं फोड़ते थे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दृष्टिहीन खेळाडूंचं बुद्धिबळ धाकटीला मी मुद्दाम समजावून सांगितलं. त्यांच्या पटावरची काळी घरं किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत बसतात, काळ्या सोंगट्यांवर खूण असते. दोघांचे पट वेगळे, चाल तोंडाने सांगायची. बोटांनी चाचपून ते पट 'वाचतात'. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना डाव दिसतो."

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरातही आरडाओरडा झाला. वय एकोणीस. माझ्या मनात लगेच हिशेब सुरू झाला, एकोणीस वजा अकरा... मी तो तिथेच थांबवला.

परवा पुन्हा एका स्पर्धेला गेलो. धाकटी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. पाच फेऱ्यांत अडीच गुण. बक्षीस नाही. परतताना नेहमीप्रमाणे चाकण चौकात अडकलो. मी काही विचारलं नाही. तीच मागून बोलू लागली. शेवटच्या फेरीचा अख्खा डाव, पट नाही, कागद नाही, पहिल्या चालीपासून. बाविसाव्या चालीला थांबली.

"इथे उंट मारायला हवा होता, अब्बा. आत्ता दिसलं."

मागचा कंटेनर हॉर्न वाजवत होता. वाट मोकळी झाली होती, आणि ती माझ्या लक्षातच आली नव्हती.