हलक्या मेसॉनांचे अंतरंग

वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि घरात प्रथमच विज्ञानाची पुस्तके आणलेल्या आम्हां विद्यार्थ्यांच्या मनात एक भय असे. ज्ञानाचे वाटप आपण पोहोचण्यापूर्वीच उरकले असावे, आपल्या वाट्याला आता केवळ पाठांतर उरले असावे. पुढे भौतिकशास्त्राचे अध्ययन-अध्यापन करताना ज्या कणांनी हे भय घालविले, त्यांची ओळख या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावीशी वाटते.

मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क, असे आम्ही शिकलो. १९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी मांडलेली क्वार्कांची कल्पना बहुतेक कणांना लागू पडते. हलके अदिश मेसॉन मात्र या चौकटीत सहजी बसत नाहीत. सिग्माचे वस्तुमान सुमारे ५००, कप्पाचे ७००, तर एफ-शून्य व ए-शून्य यांचे ९८० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. स्ट्रेंज क्वार्क हा अप आणि डाउन क्वार्कांहून जड. दोनच घटक मानले, तर कप्पात एक स्ट्रेंज क्वार्क येतो, ए-शून्यात एकही नाही. म्हणजे कप्पा जड हवा. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे.

१९७७ मध्ये रॉबर्ट जॅफी यांनी दोन क्वार्क व दोन प्रतिक्वार्क अशी रचना सुचविली. तीत सिग्मात स्ट्रेंज घटक नाही, कप्पात एक आणि ए-शून्य व एफ-शून्यात दोन; वस्तुमानांचा क्रम आपोआप जुळतो. काहींच्या मते हे दोन जड कण म्हणजे दोन केऑनांची सैल जोडी. उलट, सर्न येथील सीएमएस प्रयोगाने, ज्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग आहे, प्रोटॉन आणि शिशाच्या अणुकेंद्रकांच्या टकरी अभ्यासून एफ-शून्य हा साधा क्वार्क-प्रतिक्वार्कच असल्याच्या बाजूने पुरावा दिला आहे. वाद मिटलेला नाही. अत्यल्पायुषी सिग्माचे तर अस्तित्वच इतके संशयास्पद ठरले होते, की कणांच्या अधिकृत सूचीतून तो सुमारे वीस वर्षे वगळला गेला आणि १९९६ मध्ये परतला.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे पालक विचारतात. या कणांतून उद्या एखादे यंत्र निघेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. मेसॉनची एका ओळीची व्याख्या आम्ही वर्गात आजही शिकवितो, कारण परीक्षेला ती लागते. मात्र ती कोठे अडते, हेही त्याच तासाला सांगतो. ज्ञानाचे वाटप उरकलेले नाही, हे आपल्या मुलांना वेळीच कळले पाहिजे.