शून्यसुद्धा लिहायचं

फौजेत दिवस सुरू होतो मोजणीने आणि संपतोही मोजणीनेच. माणसं मोजा, रायफली मोजा, फायरिंग झालं की रिकामी काडतुसं मोजा. एक कमी भरलं तर सगळी कंपनी रेंजवर गुडघ्यांवर बसून गवत चाळते. त्यामुळे योलच्या पोस्टिंगमध्ये मी ऑक्टोबरचे रविवार डोंगरावर बसून गरुड मोजण्यात घालवायला लागलो, तेव्हा आमच्या सुभेदारसाहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सोमवारी फक्त विचारायचे, "साब, गिनती पूरी हुई?"

योल हे धर्मशाळेजवळचं लष्करी ठाणं. मागे धौलाधारची भिंत, पुढे कांगड्याचं खोरं. मंगोलिया आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत वाढलेले स्टेप ईगल जातीचे गरुड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या भिंतीच्या कडेने जातात. त्यांचा रोख दक्षिणेकडे नसतो, पश्चिमेकडे असतो. एवढं मोठं पाखरू पंख मारत हजारो किलोमीटर जाऊच शकत नाही. दहाच्या सुमारास उन्हाने उतार तापतो, हवा वर चढायला लागते. गरुड तिच्यात गोल फिरत उंची घेतो आणि मग पंख न हलवता पुढच्या सोंडेपर्यंत घसरत जातो. हिमालय म्हणजे त्यांच्यासाठी पूर्व-पश्चिम पसरलेला आयता जिना. २००१ साली यान विलेम डेन बेस्टेन या अभ्यासकाने धर्मशाळेजवळ नीट मोजणी केली, तेव्हा हजारो गरुड नोंदले गेले. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळ थुलाखर्क इथे २०१२ पासून दर शरदात मोजणी चालते.

माझी मोजणी त्यापुढे किरकोळ. फक्त रविवार, सकाळी नऊ ते तीन. समोरच्या सोंडेवरचं एक वठलेलं देवदार आणि मागचा सुळका यांच्यामध्ये मनातल्या मनात एक रेघ ओढायची. रेघ ओलांडली की तो पक्षी मोजला. घिरट्या घालणारा थवा मोजायचा नाही, कारण तोच गरुड तीनदा मोजला जातो. ते एकामागे एक घसरायला लागले की मोजायचं. निरभ्र निळं आकाश सुंदर दिसतं पण मोजणाऱ्याला नकोसं होतं. ढगावर पक्षी चटकन दिसतो. तासाची ओळ वेगळी, वारा आणि धुकं वेगळ्या रकान्यात. आणि पोरं वेगळी मोजायची. पहिल्या वर्षाच्या पिल्लाच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो, दुर्बिणीतून तो लांबूनही ओळखू येतो.

हे पोरं मोजणं मला वाटलं होतं त्याहून फार मोठं प्रकरण निघालं. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथे लोक जाणारे ससाणे, गरुड मजेखातर गोळ्या घालून पाडायचे. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवलं. ब्राउन राखणीबरोबर मोजायलाही लागले. १९३५ ते ३९ मध्ये त्यांनी पाहिलेल्या बाल्ड ईगलमध्ये शेकडा ४० पोरं होती. १९५५ ते ५९ मध्ये शेकडा २०. गरुड उडताना दिसत होते, पण पोरं होत नव्हती. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या पुस्तकात डीडीटीविरुद्ध हाच आकडा मांडला. या मोजणीत १९४३ ते ४५ अशी तीन वर्षं कोरी आहेत. ब्राउन तेव्हा नौदलात, युद्धावर होते. गणवेशातल्या माणसाला ती तीन वर्षं लगेच समजतात.

हे मी लिहितोय भिलाईहून, मोहन नगरच्या घरून. सुटीवर आहे. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, माझं रजिस्टर त्यांनी शिफ्टचं लॉगबुक तपासावं तसं तपासलं आणि म्हणाले, "आपल्याकडे गिधाडं होती की रे." शिवनाथच्या अंगाला ढोरं टाकायची जागा होती, तिथल्या झाडांवर.

"किती होती?"

"खूप. फांद्या वाकायच्या."

"आणि गेली कधी?"

त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, तू खडकवासल्याला गेलास त्याच्या आधी. बाबा म्हणाले, नंतर. यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. एवढ्या मोठ्या गावात रोज पाहणारी माणसं होती, आकडा मात्र कुणाकडेच नाही.

भरतपूरच्या केवलादेवमध्ये तो होता. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात तिथली गिधाडांची घरटी मोजली होती, नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी निम्म्याच्याही खाली आली होती. पहिली मोजणी नसती तर दुसरीला कोण विचारणार होतं? पुढे २००४ मध्ये कारण सापडलं: ढोरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर ती जात जवळजवळ संपली होती.

गरुडांचा याच्याशी संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. बिकानेरच्या पोस्टिंगमध्ये मी जोरबीड पाहिलंय. मेलेली ढोरं आणि उंट टाकायचं मैदान. वासाने ड्रायव्हर जीपच्या काचा चढवायचा. हिवाळ्यात तिथे शेकड्यांनी बसलेले असतात ते हेच स्टेप ईगल. ते मेलेलं खातात. राजस्थानात मेलेल्या दोन गरुडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१५ पासून ही जात जगाच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे.

आणि आमचं दुखणं असं की दोन-तीन वर्षांत बदली. दोन हंगाम झाले आणि माझी ऑर्डर आली. युनिटचा चार्ज घ्यायला माणूस येतो, डोंगराचा घ्यायला कोण येणार? शेवटी खालच्या गावातल्या शाळेचे एक मास्टरजी तयार झाले. गद्दी घरातले, मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या माणसांत वाढलेले, नजर माझ्यापेक्षा तेज. एका रविवारी रीतसर हँडिंग-टेकिंग झालं: दुर्बीण एक, रजिस्टर एक, रेघेचं देवदार एक. त्यांनी विचारलं, "साब, जिस दिन कुछ न दिखे, वो पन्ना छोड़ दूँ?"

मी त्यांना पोस्टवरचं लॉगबुक सांगितलं. रात्रभर काही हललं नाही तरी संत्री दर तासाला लिहितो, काही नाही. ओळ कोरी राहिली तर सकाळी कळायला मार्ग नसतो की शांतता होती की संत्री झोपला होता. तेव्हा शून्य लिहायचं, आणि धुकं होतं की नव्हतं तेही.

मास्टरजी दर रविवारी संध्याकाळी मेसेज करतात. आजचा बाबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला. नऊ ते दहा, शून्य, धुकं. दहा ते अकरा, शून्य, धुकं. अकरा ते बारा, सात, त्यात बच्चे दोन.

"सातात दोन," बाबा म्हणाले. "बरं आहे का हे?"

मी म्हटलं, अजून महिना जायचाय.