उलट्या वाटेचं पाणी

चैत्र सरत आला की कर्जत-खालापुरातले पऱ्हे आटतात. पात्रात नुसते गोटे, करंजाचा पाचोळा आणि उंबराखाली एखादं डबकं. चार महिने आंघोळ घालणारा सह्याद्री वर कोरडा ठणठणीत उभा. अशा दिवसांत भिवपुरीखाली पेज नदी मात्र खळखळत असते. गार, नितळ पाणी आणि दोन्ही काठांना उन्हाळी भाताची हिरवी खाचरं.

हे पाणी मुळात इथलं नव्हे. घाटावर, आंदर मावळात, आंध्रा नदी ठोकळवाडीच्या धरणात अडवली आहे. मोकळी असती तर ती इंद्रायणीला मिळाली असती, तिथून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेली असती. तिला कड्यावरून नळांतून खाली उतरवलं, तिच्या जोरावर चाकं फिरवली. टाटांचं भिवपुरीचं वीजघर 1922 साली सुरू झालं. त्याआधी, 1915 मध्ये, लोणावळ्याकडच्या तळ्यांचं पाणी असंच खोपोलीला उतरलं होतं. खालापुरातली पाताळगंगा ऐन उन्हाळ्यात वाहते ती त्या पाण्यावर. वीज मुंबईला गेली, तिथल्या गिरण्या तिच्यावर चालल्या. काम करून मोकळं झालेलं पाणी आमच्या वाट्याला आलं. वर मावळात त्यासाठी शेतंभातं बुडाली, हेही याच हिशेबात धरायला हवं.

आषाढातली पेज वेगळी. तेव्हा ती कुणाचं ऐकत नाही. गढूळ लोंढा काठ खातो, साकव बुडवतो. वळगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध खाचरांत चढतात आणि वाडीवरची माणसं भर पावसात बत्ती घेऊन त्यांच्या मागे. उन्हाळ्यातली पेज मात्र वेळापत्रकाची. वर यंत्रं चालू झाली की पाणी चढतं, थांबली की पायऱ्या उघड्या पडतात. धुण्याला आलेल्या बायका पाण्याकडे पाहून सांगतील, वीजघर चालू आहे की बंद.

पुढे पेज उल्हासात जाते. राजमाचीच्या कुशीतून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ मागे टाकून बदलापूर, कल्याणकडे वळते. तिथली शहरं तिचं पाणी पितात आणि आपलं सांडपाणी तिलाच परत करतात. शेवटी वसईची खाडी. पाताळगंगेची वाट रसायनीच्या कारखान्यांवरून धरमतरच्या खाडीकडे. पूर्वेच्या समुद्राला जायचं पाणी असं दोन वाटांनी पश्चिमेला पोचतं.

नदीचा उगम दाखवताना आपण डोंगराकडे बोट करतो. पेजेच्या काठी ते आषाढापुरतं खरं. वैशाखात तिचा उगम मुंबईत असतो: तिथे दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून इथे पाटाला पाणी येतं. मुंबईवर रागावायला आम्हा कर्जतकरांना कारणं पुष्कळ आहेत. उन्हाळी भात कापताना मात्र तो राग जरा आवरता घ्यावा लागतो.