पालथे पातेले

“आज सकाळी उठून कुणाचं तोंड पाहिलं होतं कोण जाणे!” हे वाक्य आमच्या घरात फार बोलले जाते, आणि बहुतेक वेळा बोलणारा मीच असतो. या वाक्याची मोठी सोय आहे. दिवस बिघडल्याचा दोष कुणावर तरी जातो, आणि आपण मोकळे!

गेल्या कोजागिरीची गोष्ट. आदल्या रात्री आम्ही भोरला मावशीकडे मुक्कामाला होतो. सौ., चिरंजीव आणि मी. पहाटेची पहिली एसटी धरायची, वेल्हे तालुक्यात शिरायचे, गुंजवण्याच्या वाटेने राजगड चढायचा आणि रात्री आटीव दुधाला भोरला परत यायचे, असा बेत मी आठवडाभर आखत होतो. (त्या तालुक्याला राजगडाचेच नाव द्यायचे सरकारने २०२४ साली ठरवले, पण मावशीच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.)

पाचाला उठलो तो वीज गेलेली. अंधारात चाचपडत चिरंजीव मोरीकडे निघाले, त्यांचे कोपर ओट्याला लागले आणि धाडकन आवाज झाला. काडी ओढून पाहतो तो दुधाचे पातेले जमिनीवर पालथे! मावशीने कोजागिरीसाठी म्हणून मुद्दाम जादा घेऊन, तापवून ठेवलेले तीन लिटर दूध स्वयंपाकघरभर पसरले होते.

“डोळे फुटले का तुझे? एवढा दहा वर्षांचा घोडा झालास!” मी कडाडलो. आणखीही बरेच बोललो. मावशी म्हणत होती, “अरे, असू दे रे, संध्याकाळी गवळ्याकडून आणू,” पण माझी गाडी उताराला लागली होती. पुसापुशीत अर्धा तास गेला. घाईत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. स्टँडवर पोचलो तेव्हा पहिली गाडी वळणावर धूळ उडवीत चालली होती.

“कुणाचं तोंड पाहिलं होतं कोण जाणे!” मी म्हणालो.

“दाढी करताना आरशात पाहिलंत ना?” सौ. शांतपणे म्हणाली.

पुढची गाडी मिळाली. चिरंजीवांना खिडकी मिळाली. एरवी खिडकी मिळाली की हा मुलगा प्रश्नांनी भंडावून सोडतो. आज गप्प. भाटघरच्या धरणाची बाजू आली तेव्हा मीच होऊन सांगू लागलो, “हे धरण १९२८ सालचं. वेळवंडी नदी अडवलीय. पलीकडे केवढं पाणी आहे, ठाऊक आहे?” तो “हं” म्हणाला. एवढेच.

कापूरहोळ गेले, चेलाडीचा फाटा आला. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून नसरापूरच्या बनेश्वराला जाऊन आलो. गर्द झाडीतले हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. तिथली घंटा पोर्तुगीज आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयानंतर ती इकडे आली. चर्चची घंटा महादेवापुढे! कुठल्याही मुलाने ही गोष्ट ऐकून डोळे विस्फारले असते. आमचा मुलगा हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

“अरे, बघ ना जवळ जाऊन.”

“नको. काहीतरी पडेल.”

माझ्या पोटात काहीतरी हलले. पण आपण बाप आहोत हे एकदा ठरले की माघार घेणे कठीण जाते.

जीपगाडीने मार्गासनीवरून गुंजवण्याला पोचायला दहा वाजून गेले. दोन्ही बाजूंना भात पिवळा पडू लागला होता, बांधांवर सोनकी फुलली होती. एरवी मी तिथल्या तिथे विरघळलो असतो. प्रसन्न निसर्गाने मनावरचे मळभ दूर होते असे आपण वाचतो, आणि लिहितोही. पण खरे सांगतो, मनात काटा असला म्हणजे सोनकीचे फूलही नुसते पिवळे दिसते.

चढ मात्र खमका आहे. पहिल्या तासातच माझ्या रागाची वाफ घामावाटे निघून गेली. चोरदरवाजाखालच्या कातळावर लोखंडी कठडे धरून चढताना तर कुणावर रागावायला श्वासच उरला नाही. चोरदरवाजातून वाकून आत शिरलो आणि एकदम पद्मावती तळ्याचे पाणी समोर आले. राग गेला होता. पण त्याच्या जागी आनंद काही आला नव्हता.

देवळाशेजारी एक आजीबाई ताक विकत बसल्या होत्या. गुंजवण्याहून रोज एवढा गड चढून येतात म्हणाल्या. त्यांनी चिरंजीवांच्या हातात पेला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी गच्च धरला, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, “नाही सांडणार, बाबा.”

दिवसभर मी टाळत होतो ती आठवण तेव्हा पुढे येऊन उभी राहिली. रात्री पाणी प्यायला मी उठलो होतो. माठाच्या आड येत होते म्हणून ते पातेले मीच ओट्याच्या कडेला सरकवले होते. पहाटे काडी ओढली त्याच क्षणी मला ते आठवले होते. म्हणूनच तर आवाज एवढा चढला होता!

मी त्याला जवळ बसवले. पश्चिमेला तोरणा दिसत होता, उत्तरेला सिंहगड. म्हटले, “ऐक. १६७० सालचा फेब्रुवारी. महिन्याच्या सुरुवातीला तो समोरचा सिंहगड मिळाला, पण तानाजी मालुसरे गेले. अजून ते दुःख ताजं होतं. अन् त्याच महिन्याच्या चोवीस तारखेला इथे, याच गडावर, शिवाजीमहाराजांना मुलगा झाला. राजाराम. पण मूल जन्मलं ते पालथं. सगळे चपापले. अपशकुन म्हणे!”

“मग?”

दिवसातला हा त्याचा पहिला प्रश्न.

“महाराज म्हणाले, हा दिल्लीची पातशाही पालथी घालणार!”

तो हसला. मग जरा विचार करून म्हणाला, “पण घातली का?”

शहरातली मुले हल्ली पुरावा मागतात. मी सांगितले, की ही हकीकत सभासदाच्या बखरीत आहे, आणि ती बखर राजाराममहाराजांच्याच सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. तेव्हा थोडे कौतुक त्यात असणारच. दिल्ली काही पालथी पडली नाही. पण रायगड पडल्यावरही राजारामांनी जिंजीहून राज्य चालवले. जिंजीचा वेढा आठ वर्षे चालला. १७०० साली ते सिंहगडावर वारले. लढाई मात्र थांबली नाही, आणि दख्खन जिंकायला आलेला औरंगजेब दिल्लीला परत न जाता १७०७ साली नगरजवळ मेला.

“म्हणजे पालथं होणं वाईटच असं नाही,” तो म्हणाला.

“नाही. आणि ते पातेलं कडेला मी ठेवलं होतं. तुझी चूक नव्हती. मी उगाच ओरडलो.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग “तरीच!” म्हणाला आणि ताकाचा पेला घटाघटा प्यायला. पुढे संजीवनी माचीवर तो आमच्या पुढे पळत होता, आणि सौ. मागून ओरडत होती, “अरे, हळू!” दक्षिणेला भाटघरचे पाणी चकाकत होते. “ते धरण कुणी बांधलं, कशाला बांधलं, त्याच्याखाली गावं आहेत का?” प्रश्न सुरू झाले होते. मला सोनकी पुन्हा दिसू लागली.

संध्याकाळी भोरला उतरलो. राजवाड्यावरून जाताना मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. हे संस्थान ज्या शंकराजी नारायणांपासून सुरू झाले, त्यांना सचिवपद दिले ते राजारामांनीच. १९४८ साली विलीन होईपर्यंत ते चालले.

“म्हणजे पालथ्या बाळामुळे भोर!” चिरंजीवांनी निकाल देऊन टाकला.

रात्री मावशीने गच्चीवर दूध आटवले. चांदणे पडले होते. पातेले खाली न्यायची वेळ आली तेव्हा चिरंजीव पुढे झाले. मी गप्प राहिलो. फक्त दुसऱ्या बाजूने एक हात लावला.