रिकामे रकाने

आम्ही राहतो ते ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेले, आणि पाहता पाहता शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कारखान्यांच्या पाळ्यांवर जगणारी आमच्यासारखी कुटुंबे येथे आली, ती नगर जिल्ह्यातील गावे मागे ठेवून. सर्पदंश झालेला माणूस बैलगाडीतच गेल्याचे आमच्या वडीलमंडळींनी पाहिलेले. त्यामुळे हाकेच्या अंतरावर इस्पितळ असणे, याचा आम्हांला केवढा दिलासा वाटे! आमच्या दाजींचा पाय मात्र इस्पितळाच्या आत, खाटेवर, उशाशी घंटेचे बटण असताना गेला.

दाजी चाकणच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे यंत्रापुढे उभे राहिले. मधुमेह जुना, आणि विडी त्याहूनही जुनी. चालताना डाव्या पोटरीत गोळा येई. थोडे थांबले की बरे वाटे, पुन्हा चालले की पुन्हा गोळा. तपासणीत मांडीतील धमनी बंद झाल्याचे निघाले. त्याच पायातील शीर काढून रक्ताला वळणाचा मार्ग करून देऊ, असे शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजावले. ताईंनी संमतिपत्रावर सही केली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आणि पहिल्या दिवशी पाऊल उबदार होते, हे आम्ही सर्वांनी हात लावून पाहिले.

दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास दाजी कळवळू लागले. पाऊल पांढरे पडले होते, गार लागत होते आणि बोटांना स्पर्श कळत नव्हता. ताईंनी परिचारिकेला सांगितले. तिने निवासी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून वेदनाशामक सुई दिली. ‘सकाळी मोठे डॉक्टर राउंडला येतील’, असे उत्तर मिळाले. ताईंनी त्या रात्री आणखी तीनदा विचारले. साडेआठ वाजता मोठे डॉक्टर आले. डॉपलर लावले तर प्रवाहाचा आवाजच नव्हता. दुपारी एक वाजता रक्ताची गुठळी काढण्यात आली, पण स्नायू मेले होते. नवव्या दिवशी पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

नव्या जोडलेल्या शिरेत गुठळी होणे हा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे. तो उत्तम हातांच्या वाट्यालाही येतो, आणि त्याबद्दल आम्ही कोणालाही दोष देत नाही. परंतु रक्त थांबल्यावर पायाचे स्नायू आणि मज्जातंतू साधारण सहा तास तग धरतात. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पावलाची नाडी, रंग, ऊब आणि संवेदना ठरावीक वेळाने तपासून लिहून ठेवायच्या असतात. त्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. बोटे लागतात, आणि हाक मारल्यावर उठून येणारे कोणीतरी.

हे आम्हांला त्या आठवड्यात ठाऊक नव्हते. धर्मग्रामातील एका वकिलांनी प्रथम केसपेपर मागण्यास सांगितले. इस्पितळाने ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून दोनदा परत पाठवले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच ती देणे बंधनकारक मानले होते. वाचकांपैकी कोणावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर हे दोन आकडे लेखी अर्जात घालावेत. आमच्या अर्जात ते घातले आणि फाईल दुसऱ्याच दिवशी मिळाली. पायाच्या तपासणीचा तक्ता तिच्यात होता. रात्री बारा, दोन आणि चार या वेळांचे रकाने रिकामे होते.

तक्रार करावी की नाही, यावर घरात दोन तट पडले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली खरी, पण वाट किती लांब आहे, हे वकिलांनीच एका निकालावरून दाखवले. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमध्ये एप्रिल १९९८ मध्ये एका रुग्णाच्या पोटातील महाधमनीच्या फुग्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पायांचा रक्तपुरवठा थांबला, गँगरीन झाले आणि जूनमध्ये रुग्ण दगावला. धमन्यांचे चित्र घेणारे यंत्र नादुरुस्त होते, शस्त्रक्रियागृह लगेच मोकळे नव्हते, अशा कारणांवरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १४ लाख १८ हजार ४९१ रुपयांची भरपाई दिली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आधी दिलेले पाच लाख मात्र कुटुंबाकडे राहू दिले. शस्त्रक्रियेपासून हिशेब केला तर तेवीस वर्षे!

निकाल ऐकून ताई रडल्या. आम्हांला मात्र न्यायमूर्तींचे म्हणणे सर्वस्वी परके वाटले नाही. डॉक्टर प्राणांची हमी देऊ शकत नाही, एकाच रुग्णाच्या उशाशी अहोरात्र बसू शकत नाही, यंत्र बिघडू शकते, दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कोणाचा जीव टांगणीला असू शकतो. पण ताई उशाशी बसल्याच होत्या, आणि सांगत होत्या! पाय गेला म्हणून नव्हे, तर सांगूनही कोणी पाहिले नाही म्हणून आमचे भांडण आहे, हे तो निकाल वाचताना आमचे आम्हांला स्पष्ट झाले.

इस्पितळाने उरलेले बिल सोडून देण्याची तयारी दाखवली. त्यासाठी ‘कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही हवी होती. रक्कम लहान नव्हती, आणि भाच्याच्या डिप्लोमाची फी तोंडावर आली होती. धर्मग्रामातील एकदोघांनी प्रेमाने क्षमेची आठवण करून दिली. दाजी सगळ्यांचे ऐकून घेत खाटेवर बसले होते. शेवटी म्हणाले, “माफ करायला माझी ना नाही. पण कुणाला? नाव तरी कळू द्या.”

बिल ताईंनी पतपेढीतून कर्ज काढून भरले. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. ती संपण्याच्या आत पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दाखल झाला. तज्ज्ञांचा अभिप्राय अद्याप यायचा आहे. अर्जातली पहिली मागणी दाजींनी स्वतः सांगून लिहवली: त्या रात्री बारा ते चार या वेळेत पाय तपासण्याचे काम कोणाकडे होते, त्यांचे नाव द्यावे. भरपाईचा आकडा वकिलांनी मागाहून घातला.