सहा की सोळा?

पोलिसाच्या कमरेला ६ गोळ्यांचं रिव्हॉल्वर असावं की १६ गोळ्यांचं पिस्तूल? न्यूयॉर्कच्या पोलीस दलात १९९३ पासून पिस्तुलं आली, पण काही जुन्या मंडळींनी रिव्हॉल्वर सोडलं नाही. अगदी २०१८ पर्यंत! सवय होतीच, पण कारणही होतं. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची हजर. भानगड नाही.

उलट बाजूही खरी आहे. १९८६ च्या मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेले. हाताला गोळी लागलेल्या आणखी एकाला आपलं रिव्हॉल्वर पुन्हा भरताच आलं नाही.

पण मला आठवतो अमादू डियालो. ब्राँक्स, १९९९. निःशस्त्र मुलगा. चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या, त्यातल्या दोघांनी प्रत्येकी १६.

माझा भाचा न्यूयॉर्कला शिकतो, रात्री उशिरा घरी परततो. त्याची मावशी म्हणून मला ६ च बऱ्या वाटतात. त्या संपल्या की थांबावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचा माणूस नीट दिसू शकतो. त्याच रस्त्यावर गस्त घालणाऱ्या पोलिसाची आई मात्र १६ च मागेल... आणि तिला तरी चूक कसं म्हणू?