परस्पर केलेली काटकसर

मोबाइल हातात घेऊन जी पिढी पन्नाशीला आली, तिने बॅटरीचे दोन-तीन जमाने पाहिले. सुरुवातीच्या हँडसेटमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. अर्धवट उतरल्यावरच चार्ज केलं की त्या तेवढ्याच कुवतीच्या होऊन बसतात, अशी त्यांची ख्याती होती. ‘पूर्ण उतरू द्या, मगच लावा’ हा दुकानदाराचा उपदेश त्या काळातला. निकेल गेलं, तरी उपदेश अजून चालूच आहे. मग नोकियाची बीएल-५सी आली. नखाने मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, पट्ट्यांवरची धूळ फुंकायची आणि परत बसवायची, एवढी दुरुस्ती शाळकरी पोरालाही येत असे. ती इतकी घरोघरी पोचली की नोकिया मागे पडल्यावरही स्वस्तातले एफएम रेडिओ आणि भजनांचे छोटे स्पीकर तिच्याच मापाच्या बॅटरीवर वाजत राहिले. २००७ मध्ये त्यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असं नोकियाने जाहीर केलं, तेव्हा भारतात घबराट उडाली आणि लोक झाकणं उघडून नंबर ताडून पाहू लागले. पण उपाय साधा होता: बॅटरी बदलून घ्या. फोन तोच राहिला. फोनचं आयुष्य वेगळं आणि बॅटरीचं वेगळं, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आजच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं, आणि उष्णतेत हा सगळा व्यवहार झपाट्याने होतो. साठवण कमी होते हे कुणाच्याही लक्षात येतं; सहसा लक्षात येत नाही ते अंतर्गत रोधाचं वाढणं. जुन्या बॅटरीकडून कॅमेरा किंवा नकाशा एकदम जास्त वीज मागतो, तिचा दाब क्षणभर खाली जातो आणि वीस-पंचवीस टक्के शिल्लक दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. त्या टक्क्यांना खोटं म्हणता येत नाही. वीज शिल्लक असते. मागणीसरशी ती देण्याचा दम राहिलेला नसतो.

बॅटरी म्हातारी होते याबद्दल माझी तक्रार नाही. रसायनाशी भांडून उपयोग नसतो. तक्रार आहे ती तिचं म्हातारपण आपल्यापासून लपवलं जातं याबद्दल, आणि त्यासाठी केलेली काटकसर आपल्या निरोपांतून वसूल होते याबद्दल. २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की थकलेल्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आतल्या आत कमी केला जात होता. युक्ती तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाची होती. पण फोन मंदावला म्हणून नवा घेणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता की नुसती बॅटरी बदलली असती तरी भागलं असतं. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला, तो ग्राहकांना ही गोष्ट सांगितली नाही म्हणून. बॅटरीची प्रकृती दाखवणारा पडदा आयफोनमध्ये आला तोही या बोभाट्यानंतर, २०१८ मध्ये.

अँड्रॉइडची काटकसर निराळी. २०१५ पासून, पडदा बंद करून टेबलावर ठेवलेला फोन थोड्या वेळाने झोपी जातो. ॲपना इंटरनेट मिळतं ते अधूनमधून, आणि ही अंतरं वाढत जातात. फोन उचलला की मघाचे चार निरोप एकदम वाजतात, आणि आपल्याला वाटतं की ते आत्ताच आले. तातडीच्या निरोपांना वेगळी वाट आहे, म्हणून व्हॉट्सॲप सहसा अडत नाही. २०१८ पासून त्यात ॲपची वर्गवारी आली: जे ॲप तुम्ही क्वचित उघडता, त्याला पार्श्वभूमीत कमीत कमी संधी. घरातल्या कारभाऱ्याने, ज्यांच्याकडे जाणं-येणं कमी त्यांची पत्रं सवडीने द्यायची असं परस्पर ठरवावं, तसा हा प्रकार आहे.

याचं एक उदाहरण मुद्दाम घेतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने विजा कोसळण्याची सूचना देणारं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. मराठवाड्यात, विदर्भात वळवाच्या पावसात शेतात माणसं विजेने दगावतात, म्हणून त्याची गरज कुणालाही पटावी. असं ॲप वर्षाचे बरेच महिने कुणी उघडणार नाही, आणि उघडू नये हेच त्याच्या कामाचं स्वरूप आहे. त्याला तुम्ही कुठे आहात हेही कळावं लागतं. पण पार्श्वभूमीतल्या ॲपला ठिकाण तासातून मोजक्याच वेळा कळू द्यायचं, हाही बॅटरी वाचवण्याचाच नियम आहे. वापर किती यावरून महत्त्व ठरवणारी कोणतीही पद्धत नेमकी अशा ॲपपाशी चुकते. त्यात आपलीही एक सवय भर घालते: चौकोनाचं बटण दाबून सगळी ॲप अंगठ्याने वर भिरकावून द्यायची. यातून वीज जवळपास काहीच वाचत नाही, पण काही कंपन्यांच्या फोनमध्ये असं भिरकावलेलं ॲप पुरतं बंद होतं आणि पुन्हा हाताने उघडेपर्यंत त्याला निरोपच पोचत नाहीत.

यावर ॲप बनवणाऱ्यांकडे बोट दाखवलं जातं, आणि ते योग्यच आहे. मोकळं सोडलं तर प्रत्येक खरेदीचं ॲप दर पाच मिनिटांनी जागं होऊन सवलतीची दवंडी पिटेल. लगाम हवाच. पण तो सगळ्यांना सारखा नसतो. लोकप्रिय ॲपना अनेक फोन-कंपन्या मुळातच सूट देतात आणि दवंडी पिटणारे बरेचसे त्यातच असतात. दुसरं उत्तर असं की सेटिंग बदलता येतं. येतं खरं: सेटिंग्ज, ॲप्स, ते विशिष्ट ॲप, बॅटरी, मग ‘अनरिस्ट्रिक्टेड’, आणि काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ वेगळ्याच ठिकाणी. शिवाय ते शोधायला निघायचं तर आधी काहीतरी चुकल्याचा संशय यावा लागतो. मिस कॉल निदान पडद्यावर दिसतो. न आलेल्या निरोपाची कुठे नोंदच होत नाही.

सगळ्यांनाच पोचायला हवा असा निरोप पोचवता येत नाही, असंही नाही. २०२३ मध्ये सरकारी आपत्ती-इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ठिकठिकाणी खिशातले फोन एकदम कर्कश वाजले. तो इशारा मोबाइलच्या मनोऱ्यावरून थेट येतो, कुठल्याही ॲपच्या वर्गवारीत अडकत नाही.

राहता राहिला सीलबंद फोनचा मुद्दा: झाकण उघडत नाही म्हणून फोन पातळ होतो, पाण्यात टिकतो. हे खरं आहे, आणि बहुतेकांना तसाच फोन हवा असतो. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगतं. नागपुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि घरपोच जेवण देणाऱ्या पोराचा फोन हँडलवर उन्हातच अडकवलेला असतो. त्याची बॅटरी लवकर फुगणार. मग गल्लीतल्या दुकानात गरम हवेने मागची काच सोडवायची, खाली प्लॅस्टिकचं कार्ड घालायचं आणि ‘ओरिजिनल टाकू की कॉपी?’ या प्रश्नाला खिसा चाचपून उत्तर द्यायचं. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नव्या फोनची बॅटरी ८०० चार्जिंग-फेऱ्यांनंतरही निदान ८० टक्के भरली पाहिजे अशी अट घातली आहे, आणि किती फेऱ्या टिकेल हा आकडा तिथल्या लेबलवर छापावा लागतो. आपल्याकडे खोक्यावर एमएएच ठळक असतो. तो पहिल्या दिवसाचा आकडा असतो. दोन उन्हाळ्यांनंतरचा आकडा सांगण्याची सक्ती भारतात फोन विकणाऱ्या कंपन्यांवर करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही, कारण युरोपसाठी त्या तो मोजतातच.